धडधड, ‘टेन्शन’ आणि योजनेचं कार्ड

१४ एप्रिल आला की आपल्याकडं रक्तदान शिबिर होतं. ६ डिसेंबरला आरोग्य तपासणी शिबिर होतं. बीपी मोजतात, साखर बघतात, चष्म्याचा नंबर काढतात, फोटो स्टेटसला जातात. माझा त्याला विरोध नाही. अशी शिबिरं मीही घेत आलेय. पण आपल्या चळवळीत आरोग्याचा प्रश्न शिबिरापुरताच उरलाय. हक्कांच्या यादीत शिष्यवृत्ती आहे, आरक्षण आहे, अॅट्रॉसिटी आहे, गायरान आहे. आरोग्य एक तर सगळ्यात खाली असतं, नाहीतर नसतंच.

हा लेख मी एका अगदी नेमक्या आजाराच्या निमित्तानं लिहितेय. बहुतेक रुग्णांच्या बाबतीत हा आजार काही तासांच्या एका उपचारानं कायमचा बरा होतो. त्यासाठी छाती फाडावी लागत नाही. तरीही आपल्या वस्त्यांमधल्या बाया वीस-वीस वर्षं तो अंगावर काढतात. तो औषध नसल्यामुळं टिकत नाही. बाईचं म्हणणं कुणी खरं मानत नाही म्हणून टिकतो. माझं म्हणणं असं आहे की हा वैद्यकीय प्रश्न जेवढा आहे, तेवढाच जातीचा, वर्गाचा आणि बाईपणाचा प्रश्न आहे.

आधी आजार समजून घेऊ. हृदय म्हणजे नुसता पंप नाही, त्याला वीज लागते आणि ती वीज ते स्वतःच तयार करतं. उजव्या वरच्या कप्प्यातल्या एका छोट्याशा भागातून ठोक्याचा इशारा निघतो, वरच्या दोन्ही कप्प्यांत पसरतो, मधल्या गाठीपाशी क्षणभर थांबतो आणि मग खालच्या कप्प्यांत उतरतो. बसलेल्या माणसाच्या हृदयात असं मिनिटाला ६० ते १०० वेळा होतं. काही माणसांमध्ये मात्र त्या मधल्या गाठीपाशी एकाऐवजी दोन वाटा असतात, एक जलद आणि एक संथ. एरवी त्याचा काही त्रास नसतो. पण एखाद्या वेळी इशारा एका वाटेनं खाली जातो, दुसरीनं वर येतो आणि तिथंच गोल फिरत राहतो. मग ठोके मिनिटाला १५०, १८०, २०० पर्यंत जातात. गावाकडच्या भाषेत सांगायचं तर ही वायरिंगमधली गडबड आहे. मोटार चांगली आहे, पाईप चांगले आहेत, तार चुकीच्या ठिकाणी चिकटलीय. डॉक्टर या प्रकारच्या आजारांना एसव्हीटी म्हणतात. काहींमध्ये दोन वाटा नसतात, वरच्या आणि खालच्या कप्प्यांना जोडणारा एक जादा स्नायूचा धागा जन्मापासून असतो. १९३० साली वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाईट या तीन डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला त्यांचं नाव आहे.

या आजाराची एक खूण लक्षात ठेवा. धडधड एकदम सुरू होते आणि एकदम बंद होते, कळ दाबल्यासारखी. भीतीची किंवा काळजीची धडधड बहुतेक वेळा हळूहळू चढते आणि हळूहळू उतरते.

माझी मावशी घनसावंगी तालुक्यातल्या एका गावात राहते. दिवाळीनंतर नवरा-बायको ऊसतोडीला जायचे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक ‘कोयता’ म्हणतात. उचल जोडीच्या नावावर असते. एकजण आजारी पडला तर काम दोघांचं थांबतं आणि खाडा कापला जातो. मावशीला विशी ओलांडल्यापासून ही धडधड होती. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना यायची, कधी भाकरी थापतानाही यायची. ती सांगायची, “पोरी, छातीत मळणीयंत्र चालू झाल्यासारखं व्हतं बघ. डोळ्यापुढं अंधारी येती. अन् मग खट्कन बंद, जसं काही झालंच नाही.”

या एका वाक्यात निदानाची निम्मी माहिती आहे. पण ते वाक्य नीट ऐकलं कुणी? मुकादम म्हणाला, कामचुकारपणा करते. सासरच्या एका म्हाताऱ्या बाईनं अंगात येतं म्हणून देवऋषाकडं नेलं. घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो असूनही नेलं, हे मुद्दाम लिहितेय. बाजारच्या गावातल्या दवाखान्यात सलाईन लावलं, झोपेची गोळी दिली आणि ‘टेन्शन घेत जाऊ नका’ म्हणून सांगितलं. दोनदा ईसीजी निघाला आणि दोन्ही वेळा नॉर्मल आला. तो नॉर्मल येणारच होता, कारण काढला तेव्हा धडधड थांबलेली होती. वायरिंगमधला हा दोष दोन झटक्यांच्या मधल्या काळात अनेकदा कागदावर दिसतच नाही.

समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला इथं थांबावंसं वाटतं. ज्या आजाराचा पुरावा काही मिनिटांत पुसला जातो, त्यात रुग्णाचा शब्द हाच मुख्य पुरावा असतो. आणि या समाजात कुणाचा शब्द पुरावा मानला जातो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. पोलीस ठाण्यात फिर्याद लिहून घेताना जे होतं, तेच दवाखान्याच्या टेबलासमोर होतं. शिकलेला, शहरी, वरच्या जातीचा पुरुष ‘छातीत धडधडतं’ म्हणाला तर तपासणी होते. ऊसतोड बाई तेच म्हणाली तर ‘टेन्शन’. हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या आजाराचे १०७ रुग्ण होते. त्यातल्या निम्म्याहून अधिक जणांचा आजार पहिल्या तपासणीत ओळखलाच गेला नव्हता. धडधड मानसिक आहे, घबराटीची आहे असा शिक्का पुरुषांपेक्षा स्त्रियांवर जास्त बसला होता. आणि दोन वाटांचा हा प्रकार मुळात स्त्रियांमध्येच पुरुषांपेक्षा जास्त आढळतो. त्यांच्याकडं हा लिंगभेद आहे. आपल्याकडं त्यावर जात आणि मजुरी यांचे आणखी दोन थर चढतात.

शेजारच्या बीड जिल्ह्यातली गोष्ट आठवा. २०१९ साली ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला आणि सरकारला समिती नेमावी लागली. पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये, पोटदुखीचा कायमचा निकाल लागावा म्हणून तिशीतल्या बायांची गर्भाशयं काढली गेली होती. म्हणजे आपल्या बाईच्या शरीरावर नको ती शस्त्रक्रिया सहज होते आणि हवा तो उपचार वीस वर्षं पोचत नाही. दोन्हींचं मूळ एकच आहे. ते शरीर तिचं मानलं जात नाही, कामाचं मानलं जातं.

मावशीचा पुरावा शेवटी सापडला तो एका तरुण डॉक्टरमुळं. धडधड सुरू असतानाच घरच्यांनी १०८ ला फोन केला आणि ग्रामीण रुग्णालयात ईसीजी निघाला. ठोके १९० होते. डॉक्टरांनी तिला अर्धवट बसवून सिरिंजमध्ये जोरात फुंकायला लावलं, मग लगेच आडवं करून पाय वर उचलून धरले. या साध्या युक्तीवर इंग्लंडमध्ये मोठी चाचणी झालीय आणि ती २०१५ साली प्रसिद्ध झाली. नुसतं फुंकल्यानं १०० पैकी १७ जणांची धडधड थांबली, पाय वर उचलण्याची जोड दिल्यावर ४३ जणांची. खर्च एका सिरिंजचा. मावशीची थांबली नाही, मग अॅडेनोसिन नावाचं इंजेक्शन शिरेतून झटक्यात दिलं. ते हृदयाच्या मधल्या गाठीला काही सेकंद गप्प करतं. मावशीच्या शब्दांत, “जीव गेला अन् परत आला.” धडधड बंद झाली. पण त्या दिवशीची सगळ्यात मोठी कमाई होती तो ईसीजीचा कागद. वीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या शब्दाला साक्षीदार मिळाला होता.

त्या कागदावरून औरंगाबादच्या हृदयरोग तज्ज्ञांनी अॅब्लेशन सुचवलं. ते नेमकं काय आहे, हे आपल्या कार्यकर्त्यांना माहीत असायला हवं, कारण ‘हार्टचं ऑपरेशन’ म्हटलं की घर घाबरतं आणि पुन्हा देवऋषाची वाट धरतं. जांघेजवळची जागा बधिर करून शिरेतून बारीक तारा हृदयापर्यंत नेतात. या तारा आधी ऐकतात, म्हणजे वीज कुठून कुठं जाते हे मोजतात. मग डॉक्टर मुद्दाम बारीक विजेचे इशारे देऊन तीच धडधड सुरू करून बघतात. चुकीची वाट सापडली की तारेच्या टोकातून रेडिओ लहरींची ऊर्जा देऊन तेवढाच काही मिलिमीटरचा भाग तापवतात. तिथं छोटा व्रण तयार होतो आणि व्रणातून वीज जात नाही. वाट बंद. काही ठिकाणी तापवण्याऐवजी गोठवतात. बहुतेक वेळा रुग्ण जागा असतो आणि एक-दोन दिवसांत घरी जातो.

मावशीची धडधड टेबलावर सुरू केली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, “मावशी, घरी होतं ते असंच का?” ती म्हणाली, “हेच! हेच ते!” बाहेर आल्यावर तिनं मला पहिलं हेच सांगितलं. बरं वाटतंय हे नंतर सांगितलं.

या उपचाराचा इतिहासही बघण्यासारखा आहे. १९६८ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात अशा जादा वाटेचा एक रुग्ण छाती उघडून बरा केला गेला. तो मच्छीमार होता, हातावर पोट असलेला माणूस. १९८२ साली शस्त्रक्रियेऐवजी तारेतून विजेचा झटका देऊन हृदयातली वाट तोडण्याची पद्धत आली आणि त्या दशकाच्या शेवटाकडं झटक्याची जागा सौम्य, आटोक्यात ठेवता येणाऱ्या रेडिओ लहरींनी घेतली. दोन वाटांच्या प्रकारात आज १०० पैकी ९५ हून अधिक रुग्ण बरे होतात. धोका शून्य नाही. साधारण शंभरात एक किंवा त्याहून कमी जणांच्या बाबतीत चांगल्या वाटेलाही इजा होते आणि पेसमेकर बसवावा लागू शकतो. जांघेत रक्त साकळू शकतं. हे रुग्णाला तिच्या भाषेत सांगून मगच सही घ्यायला हवी. अंगठा उठवून घेणं म्हणजे संमती नव्हे.

आता पैशाचा प्रश्न. राज्यात २०१२ साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, २०१३ मध्ये ती सगळीकडं आली. २०१७ पासून तिला महात्मा जोतीराव फुले यांचं नाव आहे आणि २०२० पासून ती आयुष्मान भारतशी जोडून चालते. संरक्षणाची मर्यादा आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत नेलीय. आयुष्मान भारतच्या पॅकेज यादीत हृदयाच्या विजेची तपासणी आणि रेडिओफ्रिक्वेन्सी अॅब्लेशन दोन्ही आहेत. कागदावर मावशीचा उपचार मोफत होता.

प्रत्यक्षात काय झालं? मावशीला पुण्याच्या एका मोठ्या रुग्णालयात पाठवलं. काउंटरवर सांगितलं, ‘हे योजनेत बसत नाही, डिपॉझिट भरा.’ आरोग्यमित्र जागेवर नव्हते. रेशनकार्डावर एक नाव, आधारवर दुसरं. आडनाव एकीकडं माहेरचं, एकीकडं सासरचं. मी पॅकेजची यादी मोबाईलवर काढून दाखवली, १५५३८८ या हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली, लेखी नकार मागितला. लेखी नकार मागितल्यावर अर्ध्या तासात ते योजनेत ‘बसलं’. नावाच्या दुरुस्तीसाठी आणखी अकरा दिवस गेले.

मला या घटनेचा अभिमान वाटत नाही, चीड येते. मी एम.ए. झालेली आहे, अर्ज लिहू शकते, साहेबाच्या डोळ्यात बघून बोलू शकते. म्हणून मावशीला तिचाच हक्क मिळाला. ज्या बाईची भाची शिकलेली नाही, तिचं काय? जो हक्क ओळखीच्या माणसामार्फत मिळतो तो हक्क नसतो, मेहरबानी असते. योजनेला फुल्यांचं नाव देऊन हे बदलत नाही.

एका ज्येष्ठ कार्यकर्त्याशी याबद्दल माझा वाद झाला. ते म्हणाले, “ताई, आपल्या वस्तीत अजून क्षयरोग आहे, रक्तक्षय आहे. हे तारांचे उपचार श्रीमंतांचे चोचले. आपण कशाला त्यासाठी भांडायचं?” या प्रश्नाला टाळून चालणार नाही, कारण त्यात निम्मं सत्य आहे.

गरीब वस्तीत हृदयाचा ठोका बिघडण्याचं एक मोठं कारण वेगळंच आहे. लहानपणी घशाला जंतुसंसर्ग होतो, नीट उपचार होत नाहीत, त्यातून सांधेदुखीचा ताप येतो आणि हृदयाची झडप आकसते. पुढं वरचा कप्पा फुगतो आणि ठोका पूर्ण अनियमित होतो. रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत गेली की पक्षाघात. दाटीवाटीच्या घरांचा हा आजार आहे. तिथं अॅब्लेशन हे पहिलं उत्तर नाही. तिथं पोरांच्या घशाचा वेळेवर उपचार हवा, ताप येऊन गेलेल्यांना दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन हवं, रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि तिची नियमित रक्ततपासणी हवी. शिवाय प्रत्येक धडधड म्हणजे वायरिंगचा दोष नव्हे. रक्त कमी असलं, थायरॉईड वाढलं, खरोखरच मन अस्वस्थ असलं तरी छाती धडधडते. ‘टेन्शन’चा शिक्का पुसून आपण आंधळेपणानं दुसरा शिक्का मारायचा नाही. तपासणी करायची.

पण त्या कार्यकर्त्यांच्या म्हणण्यातलं उरलेलं निम्मं मला मान्य नाही. साधे आजार गरिबाचे आणि नाजूक उपचार श्रीमंताचे, ही वाटणी म्हणजे वैद्यकातलं चातुर्वर्ण्य आहे. गरिबाला सलाईन आणि झोपेची गोळी, श्रीमंताला तज्ज्ञ. हिशोब घातला तरी ते पटत नाही. एकदा केलेला उपचार महाग दिसतो, पण वीस वर्षांच्या गोळ्या, खाडे, देवऋषाचे कोंबडे आणि बुडालेली मजुरी यांची बेरीज कुणी करत नाही, कारण ती सरकारच्या नाही, मावशीच्या खिशातून जाते. पेनिसिलिन की अॅब्लेशन असा प्रश्नच चुकीचा आहे. ज्याला जे लागतं ते त्याला मिळालं पाहिजे.

बाबासाहेबांनी हा विचार कसा केला, हे बघा. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. त्याच काळात, १९४३ साली, बी. पी. आडारकर यांना कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायला नेमलं गेलं. १९४४ साली अहवाल आला आणि त्याच पायावर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. त्यात कामगार ‘लाभार्थी’ नाही, विमेदार आहे. मालकालाही त्याच्या आजारपणासाठी वर्गणी भरावी लागते. आज आपण सगळे ‘लाभार्थी’ झालो आहोत. लाभ कुणीतरी देतं आणि त्याचा फोटो कार्डावर छापतं. जालन्याच्या स्टील कारखान्यांतल्या कंत्राटी मजुरांची नावं राज्य विम्यात चढली आहेत का, हे आपल्या संघटनांनी कधी तपासलंय? कोयत्याला तर हा कायदा शिवतही नाही.

घटनेच्या ४७ व्या कलमात सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं प्राथमिक कर्तव्य सांगितलंय. १९९६ साली पश्चिम बंगाल खेत मजदूर समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की सरकारी दवाखान्यात तातडीचा उपचार नाकारणं हा २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे. तो खटला रेल्वेतून पडलेल्या हकीम शेख या मजुराचा होता, त्याला एकामागून एका सरकारी रुग्णालयानं परत पाठवलं होतं. शेतमजुरांची संघटना त्याच्या पाठीशी उभी राहिली, म्हणून देशाला तो निकाल मिळाला. आपल्याला यातून शिकायचंय ते हेच की एकट्याची तक्रार संघटनेनं उचलली की तिचा कायदा होतो.

आणि आपण बौद्ध आहोत. हगवणीनं घाणीत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदाच्या मदतीनं स्वतः धुतलं आणि भिक्खूंना एकमेकांची शुश्रूषा करायला सांगितलं, ही विनयपिटकातली गोष्ट आपल्याला माहीत आहे. तिथं मंत्र नाही, उतारा नाही. पाणी आहे, हात आहेत. सावित्रीबाई १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करता करता गेल्या, त्याही यशवंतरावांच्या दवाखान्यात रुग्ण पोचवत होत्या. आपली परंपरा आजाऱ्याला दवाखान्यात पोचवण्याची आहे. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा याच परंपरेतून, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या बलिदानानंतर आला. बाईला अंगात आलं म्हणणाऱ्या घराला तो कायदा दाखवण्याआधी तिची नाडी मोजा.

म्हणून माझं सांगणं अगदी साधं आहे. रविवारी विहारात वंदना झाली की दहा मिनिटं नाडी मोजायला शिका आणि शिकवा. धडधडीची तक्रार असलेल्या बाईला तीन गोष्टी विचारा: एकदम सुरू होते का, एकदम थांबते का, चक्कर येते का. धडधड सुरू असतानाच ईसीजी निघेल याची सोय बघा. चक्कर, बेशुद्धी किंवा छातीत दुखणं असेल तर घरी थांबू नका, १०८ बोलवा. ईसीजी निघाला की लगेच त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, कारण तो कागद उष्णतेनं छापलेला असतो आणि काही वर्षांत पुसट होतो. रेशनकार्ड आणि आधारवरची नावं आजारी पडण्याआधी जुळवून घ्या. दवाखान्यानं नकार दिला तर तो लेखी मागा. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. हे उपकार नाहीत, ही कायद्यातल्या ४१ कक कलमाखालची योजना आहे. उत्पन्नाची सध्याची मर्यादा धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात विचारा.

आणि संघटना म्हणून निवेदन द्या. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात चालू ईसीजी यंत्र आणि त्याचा कागद आहे का? ग्रामीण रुग्णालयात अॅडेनोसिन आहे का? अॅब्लेशन करणारे तज्ज्ञ आजही मुख्यतः मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत आहेत. मग मराठवाड्यातल्या सरकारी रुग्णालयात ही सोय कधी होणार? जालन्यात आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलंय. तिथं आपली पोरं डॉक्टर होतील, ते झालंच पाहिजे. पण त्या महाविद्यालयाच्या दारात आपली मावशी रुग्ण म्हणून आली की तिचं म्हणणं ऐकलं जातं का, यावर लक्ष ठेवणंही आपलंच काम आहे.

येत्या १४ एप्रिलला शिबिर जरूर घ्या. या वर्षी बीपीच्या टेबलाशेजारी आणखी एक टेबल मांडा. त्यावर रेशनकार्ड, आधार दुरुस्तीचे अर्ज आणि योजनेची पॅकेज यादी ठेवा. आणि तिथं अशा एकाला बसवा, जो समोरच्या बाईला मध्येच न तोडता पाच मिनिटं ऐकून घेईल.

जय भीम!